मदत घरातली, कारभार कुणाच्या हातात?

दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांकडून सातारा-सांगलीतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांची उत्तरं या अंकात देत आहोत. मदत मिळते, पण ती कशी, कधी आणि कुणाच्या हातून घ्यायची हे दुसराच ठरवतो, हा सूर बहुतेक पत्रांत होता. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न (कराड) : मुलगा १९ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचं. बँक म्हणते, पालकत्वाचा दाखला आणा, मगच खातं. दीर म्हणतात, कोर्टातून सगळेच अधिकार एकदा लिहून घ्या, म्हणजे कटकट मिटेल. नेमकं काय करावं?

सगळेच अधिकार लिहून घेऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १३ प्रमाणे अठरा पूर्ण झालेल्या दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर पात्रता आहे. निर्णयाला मदत लागली तर ती घ्यायची, आणि ती देणारा माणूस बदलायचा किंवा नको म्हणायचा अधिकारही त्याचाच. कलम १४ मधलं पालकत्व मर्यादित असतं. ते ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतंच असतं, आणि निर्णय त्या माणसाशी बोलून घ्यायचे असतात.

तुमच्या मुलासाठी दुसरा, रुळलेला मार्ग आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी दिव्यांगता), बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, पालकत्वाचा दाखला तीच देते. तिच्यात एक नोंदणीकृत संस्था आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. कायद्यानं समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. म्हणून अर्ज दिला की पुढची बैठक कधी, हे त्याच दिवशी विचारून घ्या. आई, वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा पुरावा, मुलाचं आणि अर्ज करणाऱ्याचं आधार आणि फोटो ठेवा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घातलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. रिझर्व्ह बँकेनं हा दाखला खातं उघडायला मान्य केलेला आहे. शाखेत कुणी ‘कोर्टाचाच हवा’ म्हणालं, तर तसं लेखी द्या म्हणावं. बहुतेक वेळा इथं सूर बदलतो.

अर्ज सहसा तीन कारणांनी अडकतो. पहिलं, आधार, कार्ड आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं. दुसरं, प्रमाणपत्रावर दिव्यांगतेचा प्रकार या चारांपैकी स्पष्ट लिहिलेला नसणं. तिसरं, दुसऱ्या पालकाची संमती न जोडणं. वडील हयात असतील तर त्यांची सही पहिल्याच फेरीत घ्या.

दाखला मिळाला म्हणजे पैसा आपला झाला असं नाही. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. शंभर पानी वही पुरते : तारीख, रक्कम, कशासाठी, बिल आहे का. पालकानं हेळसांड केली किंवा पैसा खाल्ला तर त्याला काढायला अर्ज करता येतो. दिरांना न्यास कायद्याचं हे कलम १७ आधीच वाचून दाखवलेलं बरं.

मुलाला शंभर आणि पाचशेची नोट ओळखता येत असेल तर त्याच्या नावाचं एक छोटं खातंही ठेवा. एटीएमची दिवसाची मर्यादा हजार रुपये करून मिळते. चूक झाली तरी हजाराच्या आतली होईल, आणि दुकानात जाऊन काय घ्यायचं हे तो ठरवेल.

एक इशारा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बुद्धीनं अगदी ठीक मुलामुलींकडेही ‘सही येत नाही’ म्हणून पालकत्वाचा दाखला मागितला जातो. सही न येणं म्हणजे निर्णय न येणं नव्हे. त्यांनी अंगठा किंवा खूण आणि साक्षीदार असा मार्ग मागावा, पालक नेमू नये. दीर्घ मानसिक आजारालाही हा न्यास लागू नाही. त्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. त्यात माणूस बरा असतानाच स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवू शकतो.

प्रश्न (विटा) : पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेली. शिबिरात व्हीलचेअर मिळाली, पण बसलं की एका बाजूला कलायला होतं आणि स्वयंपाकघराच्या दारातून ती जात नाही. घरचे म्हणतात, फुकटात मिळालीय, चालवून घे.

फुकटातली वस्तू चुकीची निघाली की ती तीन वर्षं अंगावर बसते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मोठ्या माणसाला तेच साधन पुन्हा तीन वर्षांनीच मिळतं. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. म्हणून ‘मिळतंय ते घ्या’ हा सल्ला इथं महागात पडतो. शिबिर बहुतेकदा दोन टप्प्यांत होतं : आधी तपासणी आणि मोजमाप, काही महिन्यांनी वाटप. भांडायचं असेल तर पहिल्या टप्प्यात. मापं स्वतः लिहून न्या, तपासणीच्या कागदावर चढवून घ्या आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मापं अशी घ्यायची. कडक, सपाट बाकावर बसा. दोन्ही कुल्ल्यांना चिकटवून दोन जाड पुस्तकं उभी धरायला सांगा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की बैठकीची रुंदी आली. खोलीसाठी पाठीच्या खालच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजा आणि त्यातून पाच सेंटिमीटर वजा करा. वजा केलं नाही तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते. माणूस ती टाळायला पुढे सरकतो, पाठ गोल होते आणि माकडहाडावर भार येतो. पावलाच्या टेकूसाठी गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंत, चप्पल घालून मोजा आणि गादीची जाडी वजा करा. टेकू जमिनीपासून किमान पाच सेंटिमीटर वर हवा. नाहीतर विट्याच्या खडबडीत गल्लीत तो पहिल्याच दगडाला अडेल आणि तुम्ही पुढे तोंडावर.

तुमची खुर्ची रुंद आहे, कलण्याचं कारण तेच. घडीच्या खुर्चीचा खालचा आडवा जोड कापून ती अरुंद करून देतो असं वेल्डिंगवाला म्हणेल. करू देऊ नका. तो जोड बिघडला की घडी नीट बसत नाही आणि चारही चाकं जमिनीला लागत नाहीत. त्याऐवजी दोन्ही बाजूंना टणक फोमच्या, रेक्झिन लावलेल्या फळ्या बसवा. रुंदी जेवढी जास्त, त्याच्या निम्मी जाडी एकेका बाजूला. बैठक खोल असेल तर पाठीमागे टणक पट्टा. टेकूची उंची बोल्ट सैल करून बदलता येते. दारासाठी मात्र पर्याय नाही. दार उपसून चौकट रुंद करावी लागेल, आतून ९० सेंटिमीटर मोकळी मिळाली तर उत्तम. उंबरा तीन इंच असेल तर उतार तीन फूट लांब हवा. एकास बारा हे प्रमाण धरा. दीड फुटाचा उतार ‘जागा नाही’ म्हणून केला की तो एकट्याला चढता येत नाही, आणि मग प्रत्येक वेळी ढकलणारा माणूस शोधावा लागतो.

आता खरं जपायचं ते. संवेदना नाही म्हणजे गादीशिवाय एक दिवसही बसायचं नाही. फोमच्या गादीवर बसल्यावर बसण्याच्या हाडाखाली तळहात घालून पाहा. हाड हाताला थेट टोचलं तर फोम बसला आहे, बदला. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एका बाजूला झुकून भार दोन मिनिटं हलका करा. मोबाइलचा गजर लावला तर घरच्यांनी ‘हल जरा’ म्हणायची गरज उरत नाही. रात्री आरशानं पाठ आणि कुल्ले बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या भागावर बसणं बंद, डाग जाईपर्यंत. जखम उघडी झाली तर घरगुती लेपाच्या नादी न लागता सरळ रुग्णालय.

प्रश्न (दहिवडी) : संजय गांधी निराधार योजनेचे पैसे दोन हप्ते आले नाहीत. तहसीलमध्ये म्हणतात पाठवले, बँक म्हणते आले नाहीत.

दोघंही खरं बोलत असतील. हे पैसे आता थेट आधारवर येतात, म्हणजे तुमच्या पासबुकातल्या खात्यावर येतीलच असं नाही. ज्या खात्याला आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे अनुदानासाठी जोडलं गेलं, त्याच खात्यावर जातात. मध्यंतरी दुसऱ्या योजनेसाठी किंवा गॅसच्या अनुदानासाठी नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिथं पडून असतात. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती बघा, बँकेचं नाव तिथं दिसतं. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेनं सांगणं पुरेसं नाही. केवायसीसाठी जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी (अनुदान थेट खात्यावर येण्यासाठी) सीडिंग वेगळं, त्याचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. सीडिंग बदललं की पुढच्या हप्त्यापासून पैसे इकडे येतील, आधी गेलेले त्या जुन्या खात्यातूनच काढावे लागतील.

सीडिंग बरोबर निघालं तर हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या तारखा तपासा. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थींना महिना २,५०० रुपये, आधी १,५०० होती. पासबुकात अजून जुनाच आकडा दिसत असेल तर तहसीलमध्ये यूडीआयडीची नोंद झालेली नाही असं धरून चला, आणि कार्डाची प्रत अर्जासोबत देऊन पोच घ्या.

गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढता ना? पावती मागायची. ‘मशिन चालत नाही, परत लाव’ म्हणून दोनदा अंगठा घेतला असेल तर शिल्लक त्याच वेळी विचारायची. दिव्यांग आणि सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँक सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे. शाखेत त्याचा लेखी अर्ज द्या.

प्रश्न (तासगाव तालुका) : वय ३४, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमकुवत होत जाण्याचा आजार). सकाळी-रात्री मदतीला एक मावशी येतात, पगार भाऊ देतो. त्यामुळे त्या वहिनीचं ऐकतात. आंघोळ कधी, कपडे कुठले, बाहेर जायचं की नाही, सगळं माझ्याशिवाय ठरतं. भावाशी भांडण नको आहे.

भांडण न करता होईल, पण वहीपासून सुरुवात करावी लागेल. सात दिवस प्रत्येक मदतीची नोंद करा : वेळ, किती मिनिटं, किती हात लागले. मग कामांचे तीन गट पाडा. काही कामांना दुसऱ्याचे हात लागतातच. काही फक्त वस्तू चुकीच्या जागी असल्यामुळे दुसऱ्यावर येतात : पाण्याची बाटली, चार्जर, दिव्याचं बटण, कमोडची उंची. आणि काही तुम्हाला जमतात, पण ‘पटकन होतं’ म्हणून दुसरं कुणी करून टाकतं. दुसरा गट सुतार आणि वायरमन आठवडाभरात मिटवतील. तिसरा तुम्ही परत घ्या, वेळ लागला तरी. उरलेल्या पहिल्या गटाचे तास मोजले की मदत दिवसभर लागत नाही, सकाळी दोन तास आणि रात्री पाऊण तास अशी लागते, असं अनेकदा निघतं.

पगाराचा मार्ग बदला. भावानं रक्कम महिन्याच्या १ तारखेला तुमच्या खात्यावर टाकावी आणि मावशींना तुम्ही द्यावी. रक्कम तीच, भावाचा खर्च वाढत नाही, म्हणून हे मान्य व्हायला सोपं जातं. यूपीआय चालवता येत नसेल तर पाकीट तुमच्या हातातून जाऊ दे. सांगणारं माणूस कोण, हे त्या पाकिटावरून ठरतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही कलम १३ मध्ये मदत करणाऱ्यानं दबाव आणू नये, व्यक्तीचा खासगीपणा आणि मर्जी जपावी असं लिहिलं आहे. पण घरात कलम वाचायची वेळ शक्यतो आणू नका.

मग एका पानाचा कागद करा, तुमच्या शब्दांत. कामाची वेळ, सुट्टीचा दिवस, रजा किती आधी सांगायची, सोडायचं असेल तर पंधरा दिवसांची सूचना, दोन्ही बाजूंनी. आंघोळीच्या वेळी दार लावायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा, घरातलं बाहेर सांगायचं नाही. आणि उचलण्याची पद्धत सविस्तर, कारण इजा तिथंच होते. तुमच्या आजारात खांद्याचे स्नायू कमकुवत असतात. काखेत हात घालून उचललं की माणूस निसटतो किंवा खांदा उतरतो. काखेतून ओढायचं नाही, हे कागदावर पहिलं. त्याऐवजी सरकफळी वापरा : १२ मिलिमीटरची प्लाय, साधारण ६५ सेंटिमीटर लांब, २० ते २५ रुंद, कडा गोल घासून, वर गुळगुळीत पॉलिश. पलंग आणि खुर्चीची बैठक एका उंचीला आणा, पलंगाखाली लाकडी ठोकळे चालतात. खुर्चीचे ब्रेक लावा, पलंगाकडचा हाताचा टेकू काढा, पायटेकू बाजूला करा, फळीचं एक टोक मांडीखाली सरकवा. उघड्या कातडीला फळी चिकटते आणि साल निघते, म्हणून मध्ये सुती कापड. ‘एक, दोन, तीन’ तुम्ही म्हणायचं, मावशींनी नाही. तीनच्या आधी कुणी हलायचं नाही.

तासगाव भागात एक अडचण हमखास येते. ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीपासून माल उतरवायच्या दिवसांत द्राक्षबागेतली मजुरी चढते आणि घरकामाची बाई एका दिवसात दिसेनाशी होते. म्हणून दोघी ठेवा. एक रोजची, दुसरी आठवड्यातून दोन दिवस येणारी, जिला कागद आणि फळी दोन्ही सवयीचे असतील. वेळही बागेच्या वेळेशी जुळवून साडेसहा ते साडेआठ ठेवली तर त्यांना दोन्ही मजुऱ्या मिळतात. नव्या बाईला पहिले आठ दिवस जुनीच्या सोबत यायला सांगा, त्या दिवसांचे पूर्ण पैसे द्या.

प्रश्न (मिरज) : पुतण्या लंडनला असतो. तो म्हणतो, तिकडे सरकार दिव्यांगाच्या हातात पैसे देतं आणि मदतनीस त्यानं स्वतः नेमायचा. आपल्याकडे असं आहे का?

इंग्लंडमध्ये आहे. १९९६ चा कायदा, अंमल १९९७ पासून, आता २०१४ च्या केअर ॲक्टखाली. स्थानिक परिषद गरज तपासते, रक्कम वेगळ्या खात्यात देते, हिशेब ठेवावा लागतो आणि न वापरलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. माणूस नेमला की मालकाच्या जबाबदाऱ्याही येतात : पगारपत्रक, रजा, विमा. ते नको असणाऱ्यांचा हिशेब एखादी संस्था बघते. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्यानं आलेल्या योजनेत पैसा स्वतः सांभाळायचा, व्यवस्थापकाकडे द्यायचा की सरकारी यंत्रणेकडेच ठेवायचा, असे तीन पर्याय आहेत.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता लिहिला आहे, पण ‘राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांसकट. केरळात काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपयांची योजना आहे. इथं हातात येणारा रोख पैसा म्हणजे मुख्यतः वरच्या दहिवडीच्या प्रश्नातलं अनुदान, आणि खालच्या प्रश्नातला गावचा निधी.

प्रश्न (कोरेगाव तालुका) : आमच्या ग्रामपंचायतीनं दिव्यांग निधीतून सगळ्यांना सरसकट स्टीलचा डबा आणि ब्लँकेट दिलं. मला कानाच्या मशिनच्या बॅटऱ्या हव्या होत्या. बोलायचं कुठं?

ग्रामसभेत, पण मार्चमध्ये नाही. स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचं बंधन आहे. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर, गाळेभाडं. वित्त आयोगाचं अनुदान त्यात धरत नाहीत. आठ लाख वसुली असेल तर चाळीस हजार होतात. वर्षभर कुणी विचारत नाही, मार्चअखेर खर्च दाखवायची घाई होते आणि डबे-ब्लँकेटं येतात. दोष एकट्या ग्रामसेवकाचाही नाही, कुणाला काय हवं याची यादी त्याच्याकडे नसते.

ती यादी तुम्ही करा. गावातल्या प्रत्येक दिव्यांग घराकडे जाऊन नाव, यूडीआयडी क्रमांक, काय हवं आणि दुकानातली अंदाजी किंमत एवढं लिहा. ‘उपकरण’ असं मोघम नको. ‘कानाच्या मशिनसाठी १३ नंबरच्या बॅटऱ्या, सहा पट्ट्या’ असं लिहा. नंबर मशिनवर बघा, १० ची पट्टी ३१२ च्या मशिनला चालत नाही आणि पैसे वाया जातात. कुणाला साहित्य नको, खात्यावर रक्कम हवी असेल तर तेही लिहा. ही यादी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा, कारण पुढच्या वर्षाचा आराखडा त्याच सुमारास आकार घेतो. ठराव इतिवृत्तात चढला का, हे सही करण्यापूर्वी वाचून बघा.

आधीच्या वर्षांचा हिशेब हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज : १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, प्रतीला पानामागे २ रुपये. मागणी मोजकी ठेवा : गेल्या तीन आर्थिक वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातला दिव्यांगांवरचा खर्च, लाभार्थी यादी, खरेदीची बिलं. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. खर्चच झाला नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे, आणि तिथंही हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून. प्रत नसेल तर ‘असा ठराव झालाच नाही’ असं उत्तर येतं.